पेटी मोजून होईपर्यंत

पत्रक मी चहा गार व्हायच्या आत लिहिते. आमच्या संघटनेत मला त्याच कामासाठी ओळखतात. वर मोठ्या अक्षरात प्रश्न, खाली मागण्या, शेवटी इशारा. रस्ता झालाच पाहिजे, बस आलीच पाहिजे, वसतिगृहातलं जेवण सुधारलंच पाहिजे. छापून आलं की परभणीच्या स्टँडवर आणि कॉलेजच्या गेटवर उभं राहून वाटायचं. लोक घेतात, चार घड्या घालतात आणि त्यात शेंगदाणे बांधून नेतात. त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण एका लोखंडी कपाटाने मला जे बेजार केलं ते कुठल्याच पत्रकात बसेना. म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

पोखर्णीच्या रस्त्याने जाताना मध्येच आत वळावं लागतं, असं ते गाव. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. आठवीला पुढच्या गावी चालत जायचं. पोरं जातात. पोरींचं म्हणाल तर ज्यांच्या घरी सोबतीला भाऊ असतो त्या जातात, बाकीच्यांची सातवी झाली की शाळा झाली. गावात ज्यांचं बरं आहे त्यांची लेकरं सकाळी पिवळ्या गाडीत बसून परभणीच्या इंग्रजी शाळेत जातात. संध्याकाळी त्यांना ट्यूशन, सुट्टीत शिबिर, त्यात रोबोट का काय ते बनवतात. मला त्या लेकरांचा राग नाही. राग याचा आहे की उरलेल्या पोरांना ‘जास्तीचं’ म्हणून फक्त खिचडी मिळते, तीही ज्या दिवशी बरी झाली असेल त्या दिवशी.

म्हणून आम्ही शनिवारचा वर्ग सुरू केला. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटली की सहावी-सातवीतली पोरं थांबायची आणि मी परभणीहून स्कूटी घेऊन पोचायचे. आम्ही व्हरांड्यात बसायचो. सावली मोजायचो. पेपर मोठ्याने वाचून त्यातलं न पटलेलं शोधायचो. ओढ्यापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायचो आणि त्यात कुणाचं घर राहिलं म्हणून भांडायचो. मला जास्तीचं म्हणजे एवढंच कळतं: धडा संपल्यावर उरलेला प्रश्न विचारायला समोर एक माणूस असणं.

सातवीतली एक मुलगी कायम खांबाला टेकून बसायची. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. वडील परभणीला मोंढ्यात हमालीला, आई दुसऱ्याच्या रानात रोजाने. बोलणं कमी, पण बोलली की समोरच्याला जागच्या जागी थांबवणारं. एकदा विज्ञानाच्या पुस्तकातलं अमिबाचं चित्र पुढे करून म्हणाली, “ताई, हे चित्र काढणाऱ्यानं बघून काढलंय का मनानंच?”

“बघून. सूक्ष्मदर्शकातून.”

“आपल्या शाळेत हाय की ते,” मागून कुणीतरी म्हणालं. “कपाटात.”

“मीच उचलून आणलं हुतं,” ती म्हणाली. “चौथीत हुते. टेम्पो आलता. सर म्हणले सावकाश, काचंचं सामान हाय. मी पोटाशी धरून आणलं.”

“मग? पाहिलंस कधी?”

“खोकं बघितलं.”

पोरं हसली. ती हसली नाही. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे, बघू आपण सगळे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “सातवीतच बघाय पायजे. आई म्हणलीया, सातवी झाली की बास. मग मी कुठं बघू?”

हे असं होतं सगळं. कपाटातलं यंत्र तिने एप्रिलच्या आत पाहायचं होतं. एवढीच गोष्ट.

मी बोलता बोलता सांगितलं होतं की साचलेल्या पाण्यात कडबा भिजत घातला की काही दिवसांत त्यात बारीक जीव वाढतात. पुढच्या शनिवारी ती लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आली. आत ओढ्याचं पाणी आणि कडब्याचे तुकडे. म्हणाली, यंत्र निघंल तेव्हा हे तयार असाय पायजे. यंत्र निघालं नाही. ती बरणी घरी घेऊन गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा आणली. नंतर पोरं तिला बरणीच म्हणायला लागली. “आली गं बरणी, सरका जरा, सांडंल.” पाण्याला वास यायचा. आईने एकदा उकिरड्यावर ओतून दिलं, तर हिने संध्याकाळी पुन्हा भरून ठेवलं.

दिवाळीनंतर मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते प्रभारी होते. म्हणजे काम मुख्याध्यापकाचं आणि पगार साध्या मास्तरचा. कार्यालय म्हणजे टेबल, दोन खुर्च्या आणि ते कपाट. कपाटावर झेंड्याची दोरी, तुटका पृथ्वीगोल आणि खिचडीच्या मिठाची पिशवी. कपाटाला कुलूप, कुलपावर धूळ.

“सर, कपाट उघडायचंय. पोरांना सूक्ष्मदर्शक दाखवायचाय.”

“चावी नाही माझ्याकडे.”

“मग कुणाकडे आहे?”

“आधीच्या सरांकडे. त्यांची बदली झाली येलदरीकडे. चार्ज झालेला नाही.”

चार्ज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. जाणाऱ्या मुख्याध्यापकाने शाळेतली एकूणएक वस्तू मोजून येणाऱ्याच्या हवाली करायची. मोजली, बरोबर भरली, सही झाली, की त्यानंतर हरवेल ते नव्या माणसाच्या अंगावर. इथे मोजणीच झाली नव्हती, कारण काहीतरी कमी भरत होतं. जुने सर म्हणत होते, आहे तसं घ्या. नवे म्हणत होते, पुरं करून द्या. दोघांच्या मध्ये कपाट.

“कुलूप तोडा मग.”

सरांनी चष्मा काढला. “तोडलं आणि आतलं काही कमी निघालं, तर तोडणारा कोण? मी. पुढे पेन्शन अडली तर तुमची संघटना येणार आहे का माझ्या घरी स्वयंपाक करायला?”

“सर, यंत्र पोरांसाठी आलंय.”

“मान्य आहे ना. मी कुठं म्हणलो माझ्यासाठी आलंय? मी तरी कुठं बघितलंय ते अजून.”

त्या माणसाचा राग करावा तर तो करूही देत नव्हता. मला सरळ नाही म्हणणारे लोक आवडतात. त्यांच्यावर पत्रक निघतं. “मान्य आहे ना” म्हणणाऱ्यावर काय लिहिणार?

तरी मी मला येतं ते केलंच. तालुक्याच्या कार्यालयात निवेदन दिलं. ‘विज्ञान कुलूपबंद, विद्यार्थी वाऱ्यावर’ असं शीर्षक, खाली मागणी, सात दिवसांत कपाट न उघडल्यास आंदोलन. टेबलामागच्या बाबूने शिक्का मारून दिला आणि म्हणाला, “शीर्षक चांगलं जमलंय, मॅडम.” त्याचं फळ एकच निघालं. शाळेला वरून कागद आला, साहित्याचा अहवाल तात्काळ सादर करावा. सरांनी तो माझ्यापुढे धरला. रागावले नाहीत. म्हणाले, “आता हे पण लिवायचं आमीच. मोजल्याशिवाय कसं लिवायचं ते पण सांगून जा.” दुसऱ्या शनिवारी व्हरांडा रंगवायला काढायचाय, वर्ग बाहेर घ्या, असा निरोप मिळाला. व्हरांड्याला आजतागायत रंग लागलेला नाही. आम्ही लिंबाखाली बसायला लागलो. थंडीत बरं वाटायचं, पण शेळ्या मधे यायच्या, आणि सहावीतली पोरं शेळ्यांपेक्षा लवकर उठून जायची. वर्ग रोडावला. बरणीवाली येत राहिली.

एका रविवारी मी जिंतूरवरून येलदरीकडची बस धरली. जुन्या मुख्याध्यापकांची खोली धरणाच्या अलीकडच्या एका गावात होती. म्हातारपणाकडे झुकलेला, स्वच्छ कपड्यांतला माणूस. बायको लेकाकडे असते, म्हणाले, आणि स्वतः चहा ठेवला. मी आल्या आल्या भाषण सुरू केलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग खिशातून जुडगा काढून त्यातली एक चावी वेगळी धरून दाखवली.

“ही बघ बेटा. रोज बरोबर असते. मला काय हौस आहे का ही बाळगायची? मोजून घ्या म्हणावं, आजच्या आज देतो.”

“मग कमी काय आहे?”

“पेटी.”

“कसली पेटी?”

“गाण्याची. हार्मोनियम. वहीत आहे, शाळेत नाही. मी शाळेत आलो तेव्हाही नव्हती.”

“मग तुम्ही चार्ज घेताना सही कशी केली?”

त्यांनी कप खाली ठेवला. “माझ्या आधी जे होते, ते माझे गुरुजी. मला चौथीला शिकवलेले. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, पोरं रडली, मीही रडलो. आणि मग काय म्हणू त्यांना? गुरुजी, बसा, आता तुमच्यासमोर मोजतो? मी वही उघडलीच नाही. हात जोडले आणि सही केली.” मग हसले. “त्यांनी पण त्यांच्या आधीच्यांसमोर तेच केलं असणार. आमच्यात कुणी मोजत नाही, बेटा. मोजलं की तोंड कसं दाखवायचं? मोजणारे पहिले हे तुमचे प्रभारी सरच निघाले.”

परतीच्या बसमध्ये मला हसू येत होतं आणि रडूही. एका पोरीला पाण्यातला किडा बघायचाय, तो बघता येत नाही, कारण एका न पाहिलेल्या पेटीवर तीन पिढ्यांच्या मास्तरांनी शरमेपोटी सह्या केल्या. माझ्या डोक्यात शीर्षकं तयार व्हायला लागली होती. सवयच ती.

शनिवारी लिंबाखाली मी पोरांना सगळं सांगितलं. लपवायचं काही कारण नव्हतं. सांगून झाल्यावर पोरांची चुळबुळ सुरू झाली. एकमेकांकडे बघायला लागली.

“काय झालं रे?”

“पेटी मंदिरात हाय,” बरणीवाली म्हणाली. सरळ, जसं काही मी फळ्यावरची बेरीज चुकले होते. “भजनाची. बाजूला पांढऱ्या रंगानं शाळेचं नाव लिवलंय. सप्त्याला बाहीर मांडवात आणतेत तवा दिसतंय.”

“सगळ्यांना माहीत आहे हे?”

“सगळ्या गावाला म्हाईत हाय.”

“सरांना?”

“सरबी भजनाला बसतेत की,” एक पोरगा म्हणाला आणि बाकीची खो खो हसली.

मी हसले नाही. मी सरांकडे गेले. ते वही तपासत होते. “पेटी मंदिरात आहे, सर.”

“माहीत आहे.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी काय सांगणार होतो? कुण्या काळी गावात सप्ता होता, भजनी मंडळानं चार दिवसांसाठी मागून नेली. चार दिवसांचे किती झाले ते बघा. शाळा समितीचे अध्यक्ष भजनी मंडळाचे पण अध्यक्ष. पेटी तेच वाजवतात. आता मी त्यांना म्हणू का, देवापुढची पेटी उचलून आणा?”

रात्रीची वाट न बघता मी परत लिंबाखाली येऊन तिथेच पत्रक लिहिलं. ‘शाळेची पेटी शाळेला परत द्या.’ चांगलं झालं होतं, अजूनही म्हणेन. वर्ग सुटल्यावर मी बरणीवालीबरोबर तिच्या घरी गेले, आई भेटेल म्हणून. आई रानातून आली होती, लुगड्याच्या ओच्यात अजून कापसाची बोंडं अडकलेली. मी तिला पत्रक वाचून दाखवलं. तिने हातपाय धुतले, मला पाणी दिलं, आणि म्हणाली:

“कुणाच्या रानातून आलेय मी आत्ता, म्हाईत हाय का ताई?”

“कुणाच्या?”

“अध्यक्षाच्या. आन् उद्या बी तितंच जायचंय. तुमी गाडीवर बसून परभणीला जाता. आमाला हितंच राहायचंय.”

“पण हा अन्याय आहे ना.”

“हाय की. कोण न्हाई म्हणतंय?” ती चुलीकडे वळली. “मंदिरातली पेटी वस्तीतल्या पोरीपायी उचलली म्हणतेल लोक. तुमच्या कागदावर ते लिवलेलं नसलं तरी तसंच वाचतेल.”

मी पत्रकाची घडी करून पर्समध्ये ठेवली. ते अजून छापलेलं नाही. माघार घेतली असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे. दुसऱ्याच्या चुलीवर आपलं आंदोलन शिजवायचं नसतं, एवढं मला त्या घरात कळलं आणि त्याने मी आणखीच थकले. रागाला जायला कुठे जागाच ठेवत नाहीत ही माणसं.

पोरगी उंबऱ्यात बसून बरणीतला कडबा काडीने हलवत होती. आईचं बोलून झाल्यावर म्हणाली, “पेटी द्यायची कशाला? नुसती शाळंत आणू द्या की. आली की मोजा, आन् मग जाऊ द्या माघारी.”

“ए, गप,” आई म्हणाली.

“सप्त्याला मांडवात येती, तर झेंड्याला शाळंत येत न्हाई व्हय?”

खोटेपणाच होता तो. वहीत लिहिलं जाणार पेटी शाळेत आहे, आणि पेटी संध्याकाळी देवळात. मी अशा खोटेपणाविरुद्ध कितीतरी कागद काळे केले आहेत. आणि तरी त्या क्षणी मला त्याच्यात काही वावगं दिसेना. मी इतकी दमले होते.

अध्यक्षांच्या घरी मी एकटीच गेले. ओसरीवर बाजेवर बसले होते. “या ताई, बसा. परभणीत कोणत्या मोहल्ल्यात राहता?” मी मोहल्ला सांगितला. “असं का,” म्हणाले. काय विचारलं आणि काय कळलं ते दोघांनाही समजलं. चहा बशीसकट आला, माझा कप वेगळ्या रंगाचा होता. मी तो प्यायले. तो किस्सा वेगळ्या पत्रकाचा आहे आणि ते मी लिहिणार आहे.

“जानेवारीच्या झेंडावंदनाला पोरं स्वागतगीत म्हणतील म्हणतात,” मी सुरुवात केली. “पेटीची साथ असती तर बरं झालं असतं.”

“पेटी देवाची हाय, ताई.”

“हो. तासाभराचं काम. वाजवणारं कुणी चांगलं मिळालं तर.”

“कोण वाजवणार?”

“तेच कळेना. सर म्हणत होते, गावात एकच हात आहे तसा.”

सरांनी असं काही म्हटलेलं नव्हतं. अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. घरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “जावा की, नाहीतरी भजनाला धा माणसं ऐकतेत, तितं सगळी शाळा ऐकंल.”

“तू गप बस गं,” ते म्हणाले, पण खुश झाले होते. “बघू. बैलगाडीत गादी टाकून आणावी लागंल. खालीवर झाली की सूर बिघडतो.”

सरांना मी योजना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. “हे तुमच्या संघटनेत शिकवतात का?” म्हणाले. येलदरीला त्यांनीच फोन केला. समोरून होकार आला असावा, कारण फोन ठेवून त्यांनी सुस्कारा टाकला आणि कपाटावरची मिठाची पिशवी उचलून खाली ठेवली.

झेंड्याच्या दिवशी पेटी आली. खरंच गादीवर. बाजूचं शाळेचं नाव गादीच्या चादरीने झाकलं होतं. स्वागतगीत झालं, पोरं एका पट्टीत आणि पेटी दुसऱ्या पट्टीत, कुणाला त्याचं काही नाही. अध्यक्षांनी नंतर आपणहून एक अभंग घेतला, तो संपेपर्यंत तालुक्याहून आलेले पाहुणे घड्याळ बघत होते. मग कार्यालयात दोन्ही मुख्याध्यापक बसले. वही उघडली. एक वाचायचा, दुसरा बोट दाखवायचा. खुर्च्या. घंटा. पृथ्वीगोल, तुटका. “हार्मोनियम, एक.” दोघांनी दारातून व्हरांड्याकडे बघितलं. “आहे,” नवे सर म्हणाले. जुन्या सरांनी डोळे पुसले, धूळ फार आहे म्हणाले, आणि जुडग्यातून चावी सोडवायला लागले. ती इतकी घट्ट बसली होती की सोडवायला नख तुटलं.

कपाट उघडलं. खोकं तसंच होतं, थर्माकोलसकट.

आता मला वाटलं होतं, पोरं बघतील. नाही. पहिल्यांदा तालुक्याचे पाहुणे बघणार, मग अध्यक्ष, मग समितीचे सदस्य, मग दोन्ही सर. व्हरांड्यात उन्हाच्या तिरिपीत टेबल लावलं होतं, खाली आरसा फिरवून उजेड घ्यावा लागतो. बरणीतला थेंब मी काचपट्टीवर ठेवला. पाहुण्यांनी डोळा लावला. “छान.” अध्यक्षांनी लावला. “काई दिसंना बा.” मग त्यांना दिसलं आणि ते उठेनात. मी रांगेत बरणीवाली शोधली तर ती नव्हती. चहाचे कप विसळायला हापशावर पाठवली होती. कुणी पाठवली? कुणीच नाही. कप होते, ती वस्तीतली मोठी पोरगी होती, झालं.

मी हापशावर गेले. “ऊठ.”

“चारच राहिलेत, ताई.”

“ऊठ म्हटलं ना.” माझा आवाज चढला होता. तिने हात फ्रॉकला पुसले आणि माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं.

टेबलाशी पोचलो तेव्हा ऊन सरकलं होतं आणि जुने सर खोकं हातात घेऊन उभे होते, मोजून परत ठेवायला. तिने कुणाला काही विचारलं नाही. डोळा लावला, लगेच काढला.

“वाळलंय,” म्हणाली. “दुसरं टाकते.”

“झालं आता, बाळ,” नवे सर म्हणाले, पण ती टेबलाचं एक टोक धरून उन्हाकडे ओढायला लागली होती. टेबल जड होतं. जुन्या सरांनी खोकं खाली ठेवलं आणि दुसरं टोक धरलं. तिने बरणीचं झाकण काढलं, वास सुटला, समितीतले लोक मागे सरकले. तिने काडीने थेंब ठेवला, आरसा हलवला, आणि मग ती वाकली ते वाकलीच. मागची पोरं ढकलत होती. “दिसतंय का गं बरणे? सांग की.”

मी म्हटलं, “चित्रासारखं आहे का?”

“न्हाई.”

“मग कसं आहे?”

“चित्रातलं थांबलेलं हाय,” ती म्हणाली, डोळा न काढता. “हे जायलंय. एकमेकाला धडकायलेत. ताई, ह्यांला कळतंय का आपुन बघायलोत ते?”

“मला नाही माहीत,” मी म्हणाले.

त्यानंतर पोरांनी बघितलं, ऊन जाईपर्यंत. संध्याकाळी पेटी बैलगाडीतून मंदिरात गेली. वहीप्रमाणे ती शाळेत आहे. नवे सर आता दर शनिवारी तासभर कपाट उघडतात आणि यंत्र परत जाईपर्यंत चावी हातात धरून तिथेच उभे राहतात. बसा म्हटलं तरी बसत नाहीत. व्हरांडा परत मिळाला. सहावीतली पोरं परत आली. मी हे यश म्हणून सांगत नाही. एक कपाट उघडायला शाळेचं अर्धं वर्ष गेलं आणि तेवढ्यात मी या पोरांना अपूर्णांक शिकवू शकले नाही, ते राहूनच गेले.

जूनमध्ये मी वस्तीत गेले. आईने ‘बास’ म्हटलेलं मोडलं होतं. का मोडलं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. झेंड्याच्या दिवशी घरी येऊन पोरगी रात्रभर त्या किड्यांबद्दल बोलत होती, एवढंच म्हणाली, “डोकं उठवलं नुसतं.” शेजारच्या दोन पोरींबरोबर ती पुढच्या गावी आठवीला जायला लागली होती. चालत.

ती शाळेतून आली तशी दप्तर टेकवून माझ्यापुढे बसली. पाय मातीने भरलेले.

“तितं बी कपाट हाय, ताई. मोठं. सूक्ष्मदर्शक दोन हायत म्हणतेत.”

“उघडतात का?”

“न्हाई. चार्ज राहिलाय.”

मी भिंतीला डोकं टेकलं. मला वाटतं मी डोळेही मिटले. त्या क्षणी परभणीला जाऊन झोपावं, एवढीच माझी मागणी होती.

“काय हरवलंय तितं?” मी विचारलं.

“मी इचारलं. सर सांगनात.”

“मग?”

तिने बरणी ओढून पुढे घेतली. नवा कडबा होता, पाणी अजून स्वच्छ होतं. “सांगतेल की कुणीतरी,” म्हणाली. “गावाला म्हाईत असतंय.”